अर्ध्या दिवसाची शिडाची सफर

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'शिडाची होडी' असे उत्तर दिले. त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्यात त्यांचे काही चुकले नाही. आमचा जन्म गेला पगारवाढीच्या मागण्या, कामगार कायद्याची कलमे आणि कारखान्याच्या दारातील सभा यांत. आमचे गाव राळेगणसिद्धी, तालुका पारनेर, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर. वर्षाला जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख. येथे पाण्याचा प्रत्येक ओहळ अडवून, मुरवून, मोजूनमापून वापरायला माणसे शिकली ती १९७५ नंतरच्या पाणलोटाच्या कामांपासून. अशा गावच्या माणसाने समुद्राविषयी बोलावे म्हणजे मारवाडातल्या माणसाने नारळाच्या बागेवर व्याख्यान द्यावे, तसेच काहीसे झाले.

परंतु जो समुद्राकाठी जन्मला त्याला समुद्रात विचारण्यासारखे काही उरत नाही. आमच्यासारख्या कोरड्या माणसाला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते. आणि विचारून जे कळते ते चार लोकांना सांगता येते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि शाळेबाहेर पुष्कळ झाले. वडील मुंबईच्या गिरणीत होते. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते गावी परतले ते कायमचेच. गिरणीविषयी ते फारसे बोलत नसत. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या बोटींविषयी मात्र बोलत. तेव्हापासून आमच्या मनात होते, की एकदा वाऱ्यावर चालणाऱ्या होडीत बसावे. ते पन्नाशी उलटल्यावर जमले.

गेल्या माघात सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील आम्ही चौदा जण दोन रात्रींची सवड काढून मुरूडला गेलो. शिरूर, पुणे, ताम्हिणीचा घाट, माणगाव असा रस्ता. मुरूडच्या दक्षिणेला राजपुरीचा धक्का आहे. तेथून समोर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला दिसतो. 'जझीरा' या अरबी शब्दाचा अर्थ बेट. त्याचा मराठीत जंजिरा झाला. राजपुरीहून किल्ल्यात उतारू नेणाऱ्या शिडाच्या होड्या अजून चालतात. बहुतेक लोक माणशी भाडे देऊन जातात, किल्ला पाहतात आणि तासा-दोन तासांत परततात. आम्हांला तेवढ्याने भागायचे नव्हते. उतारू नेण्याचा परवाना असलेली एक होडी आम्ही आख्खी ठरवली, ती पहाटेपासून दुपारपर्यंत. किल्ल्याच्या पलीकडे मोकळ्या समुद्रात जायचे, किनाऱ्याच्या कडेने फिरायचे, परत येताना किल्ल्यात उतरायचे, असा बेत होता.

भूमध्य समुद्रातल्या माल्टा, क्रीट, मायोर्का अशा बेटांवर ही गोष्ट मोठ्या व्यवसायाची झाली आहे. तेथे पाहुणे अर्ध्या दिवसासाठी खासगी होडी ठरवतात, किनाऱ्याच्या कडेने शिडावर हिंडतात, एखाद्या आडोशाच्या खाडीत नांगर टाकून पोहतात आणि परततात. अर्धा दिवसच का, असा प्रश्न आमच्या मनात आला होता. भाड्याचे गणित असेल असे वाटले होते. राजपुरीला कळले, की हे माप पैशाचे नव्हे. ते वाऱ्याने ठरवले आहे.

आदल्या संध्याकाळी धक्क्यावर होडीच्या मालकाशी, म्हणजे नाखव्याशी, बोलणे झाले. त्याने आकडा सांगितला. आमच्यातल्या दोघा-तिघांनी आठवड्याच्या बाजारात शेळीचा भाव पाडावा तसा तो पाडायला सुरुवात केली, आणि आम्हीही त्यांना साथ दिली. पाऊण तासाच्या घासाघिशीनंतर चौथाई रक्कम कमी झाली. मंडळी खूश झाली. त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो. या समाधानाचा हिशेब पुढे येईल.

निघायची वेळ नाखव्याने विचारली नाही, सांगितली. 'उद्या अष्टमी, सहाला भरती. साडेसहाला दोर सोडू.' पंचांग पाहिले नाही, घड्याळ पाहिले नाही. आम्ही विचारले, तर त्याने कोकणातल्या शाळकरी पोरालाही येणारे गणित सांगितले. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास. सकाळची जी वेळ तीच साधारण रात्रीची. आणि दोन भरत्यांच्या मध्ये सहा तासांनी ओहोटी.

हे गणित बरोबर का येते ते समजून घेण्यासारखे आहे. भरती मुख्यत्वे चंद्राच्या ओढीने येते. चंद्र दररोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच उशिरा येते. पन्नास मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तास. तिथी एकेक वाढत जाते तशी वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणच्या या किनाऱ्यावर अमावास्येची भरती बाराच्या आसपास पडते, म्हणून गुणाकार शून्यापासून सुरू होतो आणि आकडा जमतो. दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर अमावास्येची भरती नऊला पडत असेल, तर तेथे हे गणित चालणार नाही. म्हणजे नियम विश्वाचा आणि सूत्र मात्र गावाचे. आमच्या कायद्यांचेही पुष्कळदा असेच असते.

अष्टमी आम्हांला सोयीची होती ती आणखी एका कारणाने. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एक होते, आणि पाणी खूप चढते व खूप उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीला चंद्र अर्धा असतो. सूर्याची ओढ एका दिशेला आणि चंद्राची तिच्या काटकोनात. दोघांचे पटत नाही आणि पाणी बेताने हलते. ही भांगाची भरती. खाडीच्या तोंडाशी प्रवाह कमी, किल्ल्याच्या पायऱ्यांशी हिसका कमी. नवख्या माणसांना घेऊन जायचे तर भांगाचे दिवस बरे, असे नाखव्याचे मत पडले.

येथे भूमध्य समुद्राची गंमत सांगतो. तो जवळजवळ सगळीकडून जमिनीने वेढलेला आहे. महासागराशी त्याचा संबंध येतो तो जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून, आणि ती सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी चौदा किलोमीटर रुंद आहे. एवढ्या दारातून सहा तासांत पाणी येणार किती आणि जाणार किती? म्हणून तेथे बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीचा फरक फुटा-दीड फुटाहून अधिक नसतो. तेथल्या तांडेलाला आपली पाऊणपट सांगितली तर तो चकित होईल. वारा मात्र त्यालाही आपल्या तांडेलाइतकाच पाहावा लागतो.

साडेसहाला धक्क्यावर गेलो तेव्हा अंधार नुकता विरत होता आणि अर्धा चंद्र डोक्यावर होता. होडीवर एक तांडेल आणि दोन खलाशी. तांडेल साठीच्या घरातला, बारीक अंगाचा. आम्ही त्याला 'काका' म्हटले. तो आम्हांला सरसकट 'पाहुणे' म्हणत होता. पहिला वाद दोर सोडण्याआधीच झाला. आमच्यातला एक जवान, यंत्रशाळेतला मजूर, तरंगते जाकीट घालायला तयार होईना. 'विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलोय,' म्हणाला. तांडेलाने उलट उत्तर दिले नाही. तो सुकाणूवरून उठला, दोराची गाठ पुन्हा घट्ट केली आणि बिडी काढून बसला. तीन-चार मिनिटे कोणी बोलले नाही. जवानाने जाकीट अंगात चढवले आणि दोर सुटला. आम्ही आयुष्यात पुष्कळ संप पाहिले. इतका छोटा आणि इतका यशस्वी संप पाहिला नव्हता.

मग त्याने एक-एकाला जागा दाखवून बसवले, आणि 'होडी कलली तरी उठायचं नाही, पलीकडं धावायचं तर मुळीच नाही,' अशी ताकीद दिली. तिचा अर्थ आम्हांला वडिलांमुळे माहीत होता. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दिवस पावसाळ्याचा आणि समुद्र खवळलेला होता. बोट एका अंगाला कलली तेव्हा घाबरलेले उतारू एकदम एका बाजूला गेले, असे वाचलेल्यांकडून ऐकलेले लोक सांगत आले आहेत. होडीचा तोल तिच्या तळाशी असलेल्या वजनावर राहतो. माणूस बसलेला असतो तोवर त्याचे वजन खाली असते. तो उभा राहिला की ते वर जाते. आणि चौदा माणसे एकदम उठली की तळाचे वजन जणू माळ्यावर नेऊन ठेवल्यासारखे होते. जत्रेत गाडीच्या टपावर माणसे बसली की गाडी वळणावर का झुलते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको.

शीड चढले. जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून, गार वारा येत होता. होडी आवाज न करता धक्क्यापासून सुटली. आम्ही यंत्रांच्या आवाजात आयुष्य काढलेली माणसे. काही चालू आहे आणि आवाज नाही, हे कानाला पटेना. ओहोटीचे पाणी खाडीतून बाहेर निघाले होते, तेही आम्हांला पुढे ढकलत होते. भरती सहाला संपली होती. साडेसहाला निघण्याचे कारण तेव्हा समजले. वारा पाठीशी आणि पाणीही पाठीशी.

आता या वाऱ्याविषयी. एकाच चुलीवर रिकामा तवा ठेवला तर तो लगेच तापतो आणि उतरवल्यावर लगेच निवतो. पाण्याचे पातेले तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. जमीन म्हणजे तवा आणि समुद्र म्हणजे पातेले. तेवढ्याच वजनाची माती आणि पाणी घेतले, तर पाणी तापवायला मातीच्या चार-पाचपट उष्णता लागते; शिवाय समुद्रात ती उष्णता खोलवर मिसळून जाते. म्हणून दिवसा जमीन समुद्रापेक्षा तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. रात्री उलट. जमीन झपाट्याने निवते, समुद्र त्या मानाने ऊबदार राहतो, आणि हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते. हे मतलई वारे. आकाश निरभ्र असलेल्या हिवाळ्यात रात्री जमीन फार निवते, म्हणून माघातल्या पहाटेचा मतलई चांगला जोरकस असतो. उलट उन्हाळ्यात खारा वारा बळावतो. संध्याकाळी पुण्याकडे पश्चिमेकडून जी थंड झुळूक येते, तीही समुद्राकडून घाट चढून आलेली असते.

तेव्हा पहाटे जमिनीकडून वारा, तो होडीला बाहेर नेतो. दुपारी समुद्राकडून वारा, तो घरी आणतो. मधे एक वेळ अशी येते की तवा आणि पातेले सारखेच ऊन असतात आणि वारा पडतो. असा हा अर्धा दिवस निसर्गानेच कापून दिला आहे. कोळी पिढ्यान्पिढ्या याच वेळापत्रकाने गेले आणि आले. तुर्कस्तानात इझमीरच्या किनाऱ्यावर दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला 'इम्बात' असे स्वतंत्र नावच आहे. ग्रीसच्या बेटांमध्ये मात्र उन्हाळ्यात 'मेल्टेमी' नावाचा उत्तरेचा वारा जोर धरतो, आणि तो असला की या सगळ्या नाजूक देवघेवीला कोणी विचारत नाही. आपल्याकडे तेच काम मोसमी वारे करतात. ते आले की होड्या वर ओढल्या जातात आणि भाद्रपदापर्यंत धक्का रिकामा राहतो.

अर्ध्या तासात किल्ला उजव्या हाताला आला. बाहेरच्या अंगाने पाहिला तर नुसती भिंत; पाण्यातून सरळ उठलेली. आमच्या मंडळींना मजा वाटली ती एका गोष्टीची. ही जागा एके काळी आमच्याच अहमदनगरच्या निजामशाहीकडे होती. कोळ्यांनी आपल्या रक्षणासाठी या खडकावर लाकडी मेढेकोट उभारला होता आणि राम पाटील त्यांचा म्होरक्या होता. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला आणि दारूच्या पिंपांचे निमित्त करून त्याने तो घेतला, अशी कथा सांगतात. पुढे हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने, आलेल्या सिद्दींच्या हाती तो गेला आणि १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. निजामशाही अखेरच्या काळात सावरून धरणारा मलिक अंबर, १६२६ साली वारला तो, हाही हबशीच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. आमच्यातला एक जण म्हणाला, 'सिद्धीहून निघालो आणि सिद्दीकडे आलो.' त्यावर हशा झाला, पण उठून कोणी हसले नाही. तांडेलाची ताकीद लक्षात होती.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला घ्यायचे पुष्कळ प्रयत्न केले. वायव्येला मुरूडच्या समोर कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला तो यासाठीच. १६८२ साली संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालायला घेतला होता, तोही पुरा होऊ शकला नाही. या सगळ्यांत आम्हांला जी कथा नेहमी आठवते ती लाय पाटलाची. रात्री होड्यांतून जाऊन या कोळ्याने तटाला शिड्या लावल्या. मागून यायची ती फौज वेळेवर आली नाही. उजाडायला लागले तेव्हा शिड्या काढून त्याला परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी कशाला, असे तो म्हणाला, म्हणून त्याला 'पालखी' नावाचे गलबत बांधून दिले, असे सांगतात. ज्याने कधी संपाच्या पहिल्या पाळीला दारावर उभे राहून दुसऱ्या पाळीची वाट पाहिली आहे, त्याला त्या शिडीवरच्या माणसांची रात्र समजावून सांगावी लागत नाही.

किल्ला मागे पडला आणि मोकळा समुद्र आला. पाणी आता हिरवे नव्हते. दहाच्या सुमारास शीड सैल पडले, दोनदा फडफडले आणि लोंबू लागले. वारा गेला. होडी जागच्या जागी डोलू लागली, आणि तीन जणांना पोटातले वर आले. तांडेलाने नांगर सोडायला सांगितला. पाच-सहा वाव पाणी होते. आम्ही विचारले, नांगर कशाला? वारा नसला तरी ओहोटी चालू होती. न थांबता राहिलो असतो तर तिने आम्हांला हळूहळू आणखी बाहेर नेले असते. वारा नाही म्हणजे धोका नाही, ही आमची समजूत चुकीची होती.

त्या थांबलेल्या तासाभरात गप्पा झाल्या. आम्ही सवयीने विचारले, की होडीच्या उत्पन्नाची वाटणी कशी होते. या होडीपुरते त्याने सांगितले. होडीचा वाटा ठरलेला असतो. लाकूड, शीड, परवाना, डागडुजी यांसाठी तो आधी निघतो. तो कमी होत नाही. उरलेल्यात तांडेल आणि खलाशी. हंगाम आठ महिन्यांचा. शनिवार-रविवारी गर्दी, इतर दिवशी वाट पाहणे. वाट पाहण्याचे काही मिळत नाही. चार महिने जाळी विणणे, मजुरी, उसनवारी. भविष्य निर्वाह निधी हा शब्द त्याने ऐकला होता, मुंबईतल्या भाच्याकडून.

आम्ही मनात हिशेब मांडला. काल संध्याकाळी आम्ही जी चौथाई कमी करून घेतली, ती होडीच्या वाट्यातून गेली नव्हती. ती या तिघांच्या वाट्यातून गेली होती. समोर जो खलाशी उलटी करणाऱ्या आमच्या माणसाला पाणी देत होता, त्याच्या ताटातून. पंचवीस वर्षे आम्ही मालकांना सांगत आलो, की स्पर्धेचा बोजा मजुरीवर टाकू नका. आणि पाऊण तासात तो बोजा आम्हीच टाकून आलो होतो, तोही हसत-हसत. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. एक मालक नाही, कायम नोकरी नाही, आज येथे आणि उद्या तेथे ओझी वाहणारा, अशा माणसालाही मंडळामार्फत मजुरी, निधी, रजा मिळू शकते, हे त्याने दाखवून दिले. विखुरलेल्या कामगाराचे काही करता येत नाही असे कोणी म्हटले की आम्ही हेच उदाहरण देतो. धक्क्यावरचा खलाशीही तसाच विखुरलेला. परंतु त्याच्या मजुरीचा दर सभेत ठरत नाही. तो आमच्यासारखे पाहुणे संध्याकाळी धक्क्यावर ठरवतात.

'आला,' असे तांडेल म्हणाला तेव्हा आम्हांला काहीच जाणवत नव्हते. त्याने हात केला. वायव्येकडे पाण्यावर एक काळसर पट्टा होता आणि तो सरकत जवळ येत होता. वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात, त्यांत आभाळाचा उजेड पडत नाही, म्हणून वारा आधी डोळ्यांना दिसतो आणि मग अंगाला लागतो. नांगर वर आला, शीड भरले आणि होडी एकदम जिवंत झाली.

तेव्हा आमच्या जवानांनी आग्रह धरला, की पद्मदुर्गाला वळसा घालून येऊ. दिसतो तर आहे. वाराही आला आहे. तांडेल नको म्हणाला. कारण विचारले, तर त्याने बोलण्याऐवजी होडीचे तोंडच तिकडे वळवून दाखवले. वारा वायव्येचा आणि पद्मदुर्ग वायव्येलाच. नाळ सरळ वाऱ्यात नेली की शीड फडफडते आणि होडी थांबते. मग त्याने ती तिरकी केली. शीड ताणले गेले आणि होडी पुढे निघाली, वाऱ्याच्या बरीच विरुद्ध, पण तिरकी.

वाऱ्याविरुद्ध होडी जाते कशी, हे कोडे आम्हांला फार दिवस होते. चिंचोका ओला करून दोन बोटांत दाबा. बोटे दोन बाजूंनी दाबतात, पण चिंचोका सटकतो तो तिसरीकडेच, पुढे. होडीला एका बाजूने शिडावाटे वारा दाबतो. दुसऱ्या बाजूने तिच्या तळाखालचा लांबट कणा पाण्याला अडून राहतो आणि तिला आडवी सरकू देत नाही. दोन दाबांमध्ये सापडलेली होडी मोकळ्या दिशेला, म्हणजे नाळेकडे, सटकते. सरळ वाऱ्याच्या तोंडात मात्र ही युक्ती चालत नाही. म्हणून काही वेळ डावीकडे तिरके, काही वेळ उजवीकडे तिरके, असे नागमोडी जावे लागते. घाट जसा डोंगर सरळ न चढता वळणांनी चढतो तसे. एक कोस जायला अडीच-तीन कोस चालावे लागते. शिवाय प्रत्येक वळणाला ते भलेमोठे शीड काठीसकट एका बाजूचे दुसऱ्या बाजूला न्यायचे. दोन खलाशी. तांडेल म्हणाला, 'जायला तीन तास. तोवर वारा दुप्पट, लाट चढलेली, आणि पाहुणे अशक्त.' उलट्या झालेल्या तिघांनी त्याला ताबडतोब पाठिंबा दिला आणि ठराव बहुमताने फेटाळला गेला.

वारा पाठीमागून तिरका घेऊन होडी किल्ल्याकडे पळाली. ती अर्ध्या-पाऊण तासाची धाव या सगळ्या सफरीतला खरा आनंद होता, आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. पाणी कडेशी सळसळत होते आणि मघाचा तो जवान आमच्या देखत लहान पोरासारखा हसत होता.

किल्ल्याचे मुख्य दार पूर्वेला, राजपुरीकडे तोंड करून आहे, आणि अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. पश्चिमेची लाट किल्ला स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणून दाराशी पाणी त्या मानाने शांत असते. दुपारचे बारा वाजले होते; ओहोटी पुरी झालेली. पायऱ्यांशी खलाशाने एकेकाचे मनगट धरून उतरवले. दारावर दगडात कोरलेला वाघासारखा पशू आहे, हत्तींना पंजांत धरलेला. आत 'कलाल बांगडी' नावाची प्रचंड तोफ आहे, ती सगळेच पाहतात. आम्ही सर्वांत अधिक वेळ उभे राहिलो ते तळ्याशी. चारी बाजूंना खारे पाणी आणि मधे खडकात गोड्या पाण्याची दोन मोठी तळी. याच्या जोरावर वेढे सोसले गेले. या किनाऱ्यावर आमच्या गावाच्या पाच-सहापट पाऊस पडतो हे खरे. परंतु येथेही तो अडवला नसता तर समोरच्या समुद्रात गेला असता. आमच्यातल्या एका शेतकऱ्याच्या पोराने काठाचा उतार पाहिला, पाणी कोठून येत असेल ते बोटाने दाखवले, आणि 'आपल्या तळ्यासारखंच' म्हणाला.

परतीच्या वाटेवर आम्ही आपापसांत ठरवले, की कमी केलेली चौथाई परत द्यायची. धक्क्याच्या अलीकडे आम्ही ती तांडेलापुढे धरली. त्याने हात पुढे केला नाही.

'मला देऊ नका. नाखव्याला द्या, आणि माझ्यासमोर द्या.'

'तुमचेच आहेत, काका.'

'माझ्या हातात दिलेत तर ती बक्षिसी झाली. उद्याच्या पाहुण्याला दर कालचाच लागेल.'

आम्ही संघटनेत उभे आयुष्य घालवलेली माणसे. हे आम्हांला सुचायला हवे होते. होडी लागली. तांडेल, दोन्ही खलाशी आणि आम्ही चौदा जण नाखव्याच्या टपरीपाशी गेलो. त्याला प्रथम वाटले तक्रार आहे. पैसे मोजून दिले आणि वहीत आदल्या दिवशी लिहिलेला आकडा खोडून मूळचा आकडा लिहायची विनंती केली. तो जरा घुटमळला, तांडेलाकडे पाहिले, मग चष्मा लावून त्याने आकडा लिहिला आणि पुढे सही केली. खलाशांचे वाटे तेथेच झाले.

आम्ही गाडीकडे निघालो तेव्हा शीड गुंडाळणे चालू होते. कोणीतरी नाखव्याला उद्यासाठी होडी विचारत होते, आणि तो सांगत होता, 'नवमी. भरती पावणेसातला, सव्वासातला निघू. दर वहीत आहे.'